गाडीचं पॉलिश: आधी रंग समजून घ्या, मग बाटली उघडा

घरातलं जुनं, रोज घासलं जाणारं एखादं स्टीलचं ताट घ्या आणि बल्बखाली तिरकं धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची गोल वर्तुळं दिसतील, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ताट हलवलं की वर्तुळंही सरकतात. म्हणजे रेघा मुळात गोल नाहीतच. घासणीने त्या वाट्टेल त्या दिशेला ओढल्या आहेत. त्यातल्या ज्या उजेडाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात आणि आपल्याला वर्तुळाचा भास होतो.

आता रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभ्या असलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या गाडीचं बोनेट बघा. तेच जाळं तिथंही आहे. डिटेलिंगवाले, म्हणजे गाड्या बारकाईने साफ आणि पॉलिश करून देणारे, त्याला स्वर्ल मार्क म्हणतात. गाडीचा मालक मात्र म्हणतो, ‘रंग फिका पडला.’ बहुतेक वेळा रंगाला काहीही झालेलं नसतं. रंगावरच्या पारदर्शक थराला हजारो बारीक चरे पडलेले असतात. गुळगुळीत पृष्ठभागावरून उजेड एका दिशेने, आरशासारखा परततो. चरे पडले की तो चहूकडे विखुरतो आणि गाडी धुरकट दिसायला लागते. थोडक्यात, गाडीची चकाकी म्हणजे निव्वळ गुळगुळीतपणा. ती बाहेरून आणून लावता येत नाही. हे एकदा पटलं की घरी पॉलिश करताना काय करायचं, काय टाळायचं आणि दुकानातली कोणती बाटली आपल्या कामाची नाही, हे आपोआप सुटत जातं.

कागदाएवढा जाड रंग

आजच्या गाडीचा पत्रा कारखान्यात आधी रसायनात बुडवला जातो, मग विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर बसवला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग म्हणजे बेस कोट, आणि सर्वांत वर बिनरंगाचा क्लिअर कोट. आपल्याकडचे पेंटर त्याला ‘लॅकर’ म्हणतात. पत्र्यापासून वरपर्यंत सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं; बऱ्याच गाड्यांवर त्याहून कमीच. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रिंटरमध्ये घालतो तो साधा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो. त्या एका कागदाएवढ्या जाडीत चार थर बसलेले आहेत, आणि आपण पॉलिशने ज्याला हात घालणार तो क्लिअर कोट त्यातला जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस याहून जाड असतो.

पॉलिश म्हणजे काय, तर चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा भाग घासून खाली आणणं. शेतातली वाफ्यांची सरी बुजवायला वरंबे फोडून माती सपाट करतात ना, तसंच. फरक एवढाच की इथली माती उचलून टाकली जाते, परत येत नाही. मशीनवर सौम्य पॉलिशचा एक हात फिरला की साधारण १ ते ३ मायक्रॉन जातात, कडक कंपाउंडने, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशने, त्याहून जास्त. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच क्लिअर कोटमध्ये असतात. तो फार पातळ झाला की काही उन्हाळ्यांनी टपावर आणि बोनेटवर पांढरट पापुद्रे सुटायला लागतात. तिथं मग कुठलंही पॉलिश चालत नाही, पॅनल, म्हणजे पत्र्याचा तो अख्खा भाग, नव्याने रंगवावंच लागतं. ही मोडत जाणारी ठेव आहे, तिच्यात भर पडत नाही, हे मी दरवेळी मशीन हातात घेताना स्वतःला सांगतो.

मग आपल्याकडे दर दिवाळीला गाडीला ‘रबिंग मारण्याची’ पद्धत आली कुठून? ती जुन्या गाड्यांमधून आली. अँबेसिडर आणि प्रीमिअर पद्मिनीच्या जमान्यात वेगळा क्लिअर कोट नसायचा. वरचा थरच रंगाचा होता. उन्हाने तो खडूसारखा पांढरट पडायचा, रबिंग कंपाउंडने तो मेलेला थर निघायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. फडकं गाडीच्या रंगाने माखायचं. वडिलांच्या पिढीला ते करताना पाहून आपण शिकलो, आणि ते त्या गाडीपुरतं बरोबरच होतं. बेस कोटवर क्लिअर कोट ही पद्धत १९८० च्या दशकापासून जगभर रुळली आणि गणित बदललं. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे ओळखायला सोपं आहे: पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग एकाच थराचा. नाही लागला तर वर क्लिअर कोट आहे. पांढऱ्या गाडीला ही परीक्षा अर्थातच लागू पडत नाही.

चरे पाडतं कोण?

आपल्या सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसणारे असतात. एक बादली, एक फडकं, वीस गाड्या. पहिल्या गाडीच्या चाकाजवळची माती विसाव्या गाडीच्या दारावर पोचते. आमच्याकडे येणाऱ्या काकांशी मी एकदा यावर बोललो. ते म्हणाले, “साहेब, रोज पुसली नाही तर लोक म्हणतात काम केलं नाही. पाणी तर तुम्हीच कमी वापरा म्हणता.” त्यांचं चुकत नव्हतं. चूक पद्धतीची आहे.

आपल्या भागातली धूळ कशाची असते याचा विचार करा. दख्खनच्या पठारावरचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट. रस्त्याची खडी त्याची, क्रशरची कच त्याची, बांधकामातली कृत्रिम वाळूही त्याचीच. बेसाल्टमधली खनिजं काठिण्याच्या मोह्‌स मापनावर साधारण ५ ते ६.५ मध्ये बसतात; काच ५.५ च्या आसपास. म्हणजे ही धूळ काचेलासुद्धा ओरखडू शकते, तिथं क्लिअर कोटसारख्या मऊ प्लॅस्टिकच्या थराची काय कथा. कोरड्या गाडीवर कोरडं फडकं किंवा झटकणी फिरवणं म्हणजे बारीक सँडपेपर फिरवणंच. धुळीने माखलेली गाडी आठ दिवस तशीच राहिली तर रंगाला फारसं काही होत नाही. तीच रोज कोरडी पुसली तर वर्षभरात जाळं तयार. मला हे सांगावंसं वाटतं, कारण अनेक जण गाडीवर मनापासून प्रेम करतात आणि त्या प्रेमापोटीच तिला रोज पुसून खराब करतात.

काकांशी ठरलं ते असं: आमची गाडी रोज पुसायची नाही, फक्त काचा ओल्या फडक्याने. आठवड्यातून एकदा मी स्वतः धुतो. पगार तोच.

धुणं हेच अर्ध्याहून जास्त काम

पॉलिशच्या लेखात धुण्यावर एवढं का लिहितोय, असं वाटेल. पण चांगलं धुतलेल्या गाडीला वर्षानुवर्षं पॉलिश लागत नाही, आणि वाईट धुतलेल्या गाडीचं पॉलिश दोन आठवड्यांत वाया जातं.

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत, पत्रा गार असताना सुरुवात करा. बोनेटवर तळहात आरामात ठेवता येत नसेल तर थांबा. आधी नुसतं पाणी, वरून खाली, जेवढी माती आपसूक वाहून जाईल तेवढी जाऊ द्या. चाकं आणि मडगार्डची आतली बाजू आधी उरकून घ्या, वेगळ्या फडक्याने. ते फडकं पुन्हा रंगाला लावायचं नाही. मग दोन बादल्या: एकीत कार शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक पॅनल पुसायचं, साध्या पाण्यात खळखळून मातीचे कण सोडायचे, मग पुन्हा शॅम्पूत. टपापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग सर्वांत शेवटी, कारण सगळी चिखलाची कच तिथंच असते. हात गोल फिरवण्याऐवजी सरळ रेषेत न्या आणि दाब देऊ नका. हातमोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद.

कपड्यांची पावडर नको. ती अल्कधर्मी असते आणि रंगावरचं वॅक्स, म्हणजे संरक्षक मेण, उतरवून टाकते. गॅरेजमध्ये काही ठिकाणी पाण्यात रॉकेल किंवा डिझेल घालून गाडी पुसतात. तेलाचा पातळ थर चऱ्यांमध्ये बसतो म्हणून ती तासाभरासाठी तकतकीत दिसते. मग त्याच तेलावर धूळ चिकटते आणि दारांची रबरं खराब होतात ते वेगळंच.

पाणी कमी असलेल्या गावांत रिन्सलेस वॉश नावाचं द्रव कामाला येतं. बादलीभर पाण्यात थोडंसं घालायचं, त्यातली पॉलिमर धुळीच्या कणाभोवती निसरडं वेष्टण करतात, आणि नंतर पाणी ओतावं लागत नाही. त्यासाठी भरपूर फडकी लागतात, प्रत्येक पॅनलला फडक्याची नवी घडी. चिखल असेल तर मात्र हे करू नका.

आता क्षाराचे डाग. पुणे असो की संभाजीनगर, अनेक सोसायट्यांत बोअरचं पाणी येतं आणि ते जड असतं. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या कड्यांच्या रूपात मागे राहतात. गीझरच्या कॉइलवर साचतं तेच हे. म्हणून गाडी धुऊन उन्हात वाळायला सोडणं ही मोठी चूक. एक जाड, लुसलुशीत मायक्रोफायबर टॉवेल पॅनलवर पसरायचा, टिपून घ्यायचं, घासायचं नाही. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, गार पत्र्यावर, मिनिटभर ठेवून भरपूर पाण्याने धुवा. क्षार आम्लात विरघळतो. कडं गेलं तरी खाली खळगा दिसत असेल, तर क्लिअर कोट कोरला गेलाय असं समजा. तो पुढे पॉलिशने थोडाफार जाईल.

पक्ष्यांच्या विष्ठेला मात्र एक दिवसही थांबू नका. ती आम्लधर्मी असते, उन्हात तापलेला क्लिअर कोट मऊ पडलेला असतो, आणि दुपारभरात ठसा उमटतो. वाळलेली खरवडायची नाही. ओलं फडकं पाच मिनिटं तिच्यावर ठेवा, मग अलगद उचला. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना दुसरा त्रास माहीत असेल: तुडतुड्यांनी टाकलेला चिकट, गोडसर द्रव. तो शॅम्पूने जातो, पण आठवडाभर राहिला तर त्यावर धूळ बसून काळा राप धरतो.

हातात पिशवी घालून गाडी चाचपा

धुऊन वाळवलेल्या गाडीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा. पिशवीमुळे स्पर्श विलक्षण तीक्ष्ण होतो. जिथं गुळगुळीत वाटायला हवं तिथं रव्यासारखं खरखरीत लागेल. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण, डांबराचे ठिपके, शेजारच्या इमारतीच्या रंगकामाचा फवारा, असं बरंच काही क्लिअर कोटमध्ये रुतून बसलेलं असतं. ते धुण्याने निघत नाही, आणि ते न काढता पॉलिश केलं तर हेच कण पॅडखाली, म्हणजे पॉलिश फिरवायच्या मऊ चकतीखाली, फिरून नवे चरे पाडतात.

डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा. लोखंडाच्या कणांवर फवारायचं एक द्रव मिळतं. कणांशी क्रिया झाली की ते जांभळं होतं आणि ओघळतं. वास उग्र असतो, तेव्हा मोकळ्या हवेत वापरा. उरलेल्यासाठी क्ले बार, मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखा एक गोळा. शॅम्पूच्या पाण्याने पॅनल चांगलं निसरडं करायचं आणि तो चपटा करून हलक्या हाताने फिरवायचा. सुरुवातीला अडखळतो, मग अचानक सरकायला लागतो. तो बदल हाताला कळतो आणि फार सुखद असतो. क्ले मळला की आत घडी घालून नवी बाजू बाहेर आणा. जमिनीवर पडला तर फेकून द्या, कितीही महाग असो. क्लेनेही हलक्या रेघा येतात, म्हणून पॉलिश करायचं नसेल तर दर महिन्याला क्ले करत बसू नका.

आता पॉलिश

आधी नख. चऱ्यावरून नख आडवं न्या. अडकलं, तर चरा पॉलिशच्या आवाक्याबाहेर आहे. तो घासून सपाट करायला गेलात तर क्लिअर कोटच संपेल. तिथं टचअपचा रंग भरा किंवा त्या चऱ्यासह जगा. आरशाजवळच्या किल्लीच्या एका ओरखड्यासह मी सहा वर्षं जगतोय, काही बिघडलेलं नाही.

नख अडकत नसेल तर बोनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन मास्किंग टेपने आखा आणि फक्त तिथं प्रयोग करा. सर्वांत सौम्य पॉलिश, सर्वांत मऊ पॅड, एवढ्यापासून सुरुवात. जमलं तर तेच सगळीकडे. नाही जमलं तरच एक पायरी वर. उलट क्रमाने जाऊ नका, कारण गेलेला थर परत येत नाही. जपानी, कोरियन, जर्मन, प्रत्येक कंपनीचा क्लिअर कोट कमी-जास्त कठीण असतो. शेजाऱ्याच्या गाडीवर जे चाललं ते तुमच्यावर चालेलच असं नाही.

हाताने केलं तरी चालतं, पण अपेक्षा बेताची ठेवा. धुरकटपणा कमी होतो, हँडलच्या खोबणीतल्या नखांच्या रेघा छान जातात. जाळं पूर्ण जात नाही, आणि खांदा भरून येतो. मशीन घ्यायचं असेल तर ड्युअल ॲक्शन पॉलिशर घ्या. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी डोलतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. जास्त दाबलं तर फिरायचं थांबतं, आणि नवशिक्यासाठी हीच त्याची मोठी सोय. गॅरेजमधलं रोटरी मशीन एकाच अक्षावर गरागरा फिरतं, काम झपाट्याने करतं आणि चूकही झपाट्याने. माझ्या पहिल्या गाडीच्या बोनेटची कड एका वॉशिंग सेंटरवर अशाच मशीनने प्रायमरपर्यंत गेली. संध्याकाळी घरी आलो तेव्हा निळ्या कडेवर राखाडी रेघ दिसली. कारण साधं होतं: कडांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब त्या बारीक रेषेवर येतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक कडेवर, पत्र्याच्या प्रत्येक धारदार घडीवर टेप लावतो. बंपरवरही जपून, कारण प्लॅस्टिक उष्णता वाहून नेत नाही, ती तिथंच साठते.

पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच ते चौकोनभर टेकवून घ्या, नाहीतर सुरू करताच भिंतीवर शिंतोडे. मग कमी वेगाने पसरवा, वेग वाढवा, आणि हात अगदी सावकाश न्या, सेकंदाला एखादा इंच. आधी आडव्या फेऱ्या, मग त्यांना छेदणाऱ्या उभ्या. नवशिके हात फार भराभर फिरवतात. पॉलिशमधल्या घासणाऱ्या बारीक कणांना कापायला वेळच मिळत नाही. तीन-चार फेऱ्यांनी पॉलिशचा थर जवळजवळ पारदर्शक झाला की थांबा, मऊ फडक्याने पुसा.

आणि आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून फवारा आणि पुसा. पॉलिशमधली तेलं चऱ्यांत भरून ते झाकतात. अल्कोहोलने ती निघतात आणि खरं काय उरलंय ते मोबाइलच्या टॉर्चखाली दिसतं. काही ठिकाणचं स्वस्त पॉलिश पहिल्या दोन धुण्यांतच का उतरतं, त्याचं उत्तर इथं आहे: चरे गेलेलेच नसतात, फक्त भरलेले असतात. गाडी ताब्यात घेताना टॉर्च मारून बघा.

एक छोटी हॅचबॅक नीट करायला माझा अख्खा दिवस जातो. दोन सुट्ट्यांत वाटून घेतलं तरी चालेल. अपघातानंतर पॅनल रंगवून आणलं असेल तर त्याला किमान महिनाभर पॉलिश, वॅक्स काही नको. आतली द्रावकं उडायला वेळ लागतो.

वर काय चढवायचं?

पॉलिश झालेला क्लिअर कोट उघडा असतो, त्याला आवरण हवं. कार्नोबा वॅक्स हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. झळाळी ऊबदार दिसते, पण आपल्या उन्हाळ्यात ते काही आठवडेच टिकतं. कृत्रिम पॉलिमरचं सीलंट काही महिने जातं, लावायला तेवढंच सोपं. घरी करणाऱ्याला मी तेच सुचवेन.

सिरॅमिक कोटिंगबद्दल फार मोठे दावे ऐकू येतात. ते सिलिकावर आधारलेलं, साधारण एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचं आवरण असतं. पाणी मोत्यासारखं घरंगळतं, घाण कमी चिकटते, काही वर्षं टिकतं, हे सगळं खरं. पण जाहिरातीतलं ‘९ एच’ हे पेन्सिलच्या काठिण्याचं माप आहे, दगड-रत्नांचं मोह्‌स मापन नव्हे. ९ एच पेन्सिलने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरची खडी आणि कोरडं फडकं त्याला जुमानत नाहीत. खडीपासून संरक्षण हवं असेल तर दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म असते, आणि ती बसवणं घरचं काम नाही. कोटिंग घरी करायचंच असेल तर पावसाळा टाळा. सुकायच्या आत थेंब पडला तर डाग कायमचा राहू शकतो.

माझा मुहूर्त दसऱ्याच्या आधीचा रविवार. पावसाळ्याचा चिखल संपलेला असतो आणि गाडीची पूजाही जवळ आलेली असते. तेव्हा पूजेपुरतं एक सांगतो. ओल्या कुंकवातला रंग फिक्या गाडीवर, विशेषतः बंपरच्या प्लॅस्टिकवर, धरून बसतो. आमच्याकडे आता स्वस्तिक पुढच्या काचेवर काढतात. झेंडूचा हार बोनेटवर मोकळा सोडला की वाऱ्याने त्याचा दोरा दिवसभर रंगावर घासतो. तो पुढच्या जाळीला दोन्ही बाजूंनी घट्ट बांधायचा, आणि आपट्याची पानं वायपरखाली खोचायची.